मागे ओतलेलं पाणी

सॅकचा डावा पट्टा तुटला तेव्हा इलकाय समरकंदच्याही पलीकडे, एका ओसाड बसथांब्यावर उभा होता. जवळ सुई नव्हती, दोरा नव्हता, म्हणून कुणीतरी टाकून दिलेल्या निळ्या नायलॉनच्या दोरीचा तुकडा उचलून त्याने तिथे गाठ मारली आणि पुढच्या गावात नीट शिवून घेऊ असं मनाशी म्हणाला. पुढची गावं येत गेली आणि मागे पडत गेली, हिवाळा आला आणि गेला, तरी गाठ होती तशीच राहिली. ती खांद्याच्या हाडाला टोचायची. सुरुवातीला तो दर विसाव्याला सॅक उतरवून खांदा चोळायचा. मग तेही सुटलं. दुखणं अंगवळणी पडलं की माणूस त्याला आपलंच समजू लागतो, तसं झालं होतं.

आता प्रवास सरत आला होता. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या अंताल्याहून त्याच्या गावाला थेट बस जाते. सकाळी बसलं की दुपारच्या जेवणाला माणूस घरी. तरीही किनाऱ्यावरून त्याने बस धरली नाही. डोंगरातून, देवदारांच्या रानातून गावाजवळच्या सरोवराकडे जाणारी जुनी पायवाट धरली आणि स्वतःला सांगितलं की एवढी दुनिया पायाखाली घातल्यावर घराच्या दारात बसमधून उतरणं काही शोभत नाही. हे कारण ऐकायला बरं होतं. खरं कारण फोनमध्ये होतं.

गेला महिनाभर तो घरी फोन करत होता आणि आई दर वेळी म्हणत होती, "बाबा झोपलेत."

त्यांच्या मुलखात घरापासून दूर असलेल्या माणसाला वाईट बातमी कळवत नाहीत. कळवून करायचं काय, तो तिकडे एकटा, डोकं टेकायला कुणाचा खांदा नाही, असा त्यामागचा विचार. म्हणून घरात कुणी अंथरुणाला खिळलं की फोनवर ते माणूस झोपलेलं असतं, शेतात गेलेलं असतं, नाहीतर नुकतंच आंघोळीला बसलेलं असतं. इलकायचा एक चुलतभाऊ जर्मनीत कामाला होता. त्याची आई अख्खा हिवाळा फोनवर "बाजारात गेली" होती, आणि वसंतात तो सुट्टीवर आला तेव्हा त्याला स्टँडवरून परस्पर कबरस्तानात नेलं. तेव्हा "बाबा झोपलेत" याचा अर्थ इलकायला सांगायला नको होता. तो आईला म्हणू शकला असता, आई, मला कळतंय. पण दर वेळी तो म्हणाला, "बरं, झोपू दे." आणि आई दर वेळी म्हणाली, "तू सावकाश ये, बाळा. घाई करू नकोस." त्याने तिचा शब्द पाळायचं ठरवलं होतं.

वर्षापूर्वी तो घरून निघाला होता तोही असाच मे महिना होता. गुलाबाचा हंगाम तोंडावर आलेला. वडील, रेफिक, फार बोलणारे नव्हते. आयुष्यभर त्यांनी गुलाबाच्या शेतात भल्या पहाटे, कुणाशी बोलायची गरज नसते अशा वेळी काम केलं होतं. ते एवढंच म्हणाले होते, "फुलं उरकेपर्यंत थांबला असतास तर." त्या वसंतात त्यांना खोकला लागलेला होता. इलकाय म्हणाला होता, "तिकिटं काढलीत, बाबा." आई तांब्या घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. माणूस दूर निघाला की त्याच्या मागे पाणी ओततात, म्हणजे तो पाण्यासारखा विनाअडथळा जातो आणि पाण्यासारखाच परत येतो. तिने पाणी ओतलं, तो उतारावरून निघाला आणि वळणावर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की टोपी घरीच राहिली. तो परत आला. खिडकीत बसलेल्या वडिलांनी त्याला दारातून येताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"आलास परत?" ते म्हणाले.

"टोपी राहिली," इलकाय म्हणाला.

त्याने खुंटीवरची टोपी काढली आणि मागे न बघता निघाला. आईने तेवढ्यात तांब्या पुन्हा भरला होता. तिने पुन्हा पाणी ओतलं. भिंतीपलीकडून शेजारच्या हाजेरकाकीने टोमणा मारला, "सनिये, अगं एकाच पोराच्या मागे दोनदा कशाला ओततेस?"

"दोनदा गेला, दोनदा ओतलं," आई म्हणाली.

वर्षभरात इलकायला पुष्कळ काही दिसलं: वाळवंटं, घुमट, आभाळाएवढी पठारं. पण डोळे मिटले की हटकून तो खिडकीतला चेहराच दिसायचा.

*

पहिलं डोंगरी गाव लागलं तेव्हा ऊन कलत होतं. गावाच्या टोकाला एका दगडी घराच्या भिंतीवर रंगाने लिहिलेलं होतं, 'फादिमेकडे खोली मिळेल'. त्याने दार वाजवलं. दार उघडणारी बाई साठीची, ठेंगणी, कंबरेला पिठाचे हात पुसलेली. तिने त्याला नखशिखांत पाहिलं.

"आलास परत?" ती म्हणाली.

इलकाय हसला. "मावशी, मी पहिल्यांदाच येतोय इकडे."

"हो का? आणि मी आज पहिल्यांदाच म्हातारी झाले." तिने त्याला दंडाला धरून आत ओढलं. "खिंडीत बर्फ लागला असेल. सांगत होते सकाळी, ऐकलं नाहीस. बूट काढ. आणि हे काय?" तिने त्याला गर्रकन फिरवलं आणि सॅकच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "अरे मेल्या! काल दिवा लावून, डोळे फोडून शिवून दिला तुला पट्टा. लाल लोकरीनं. घोंगडीची लोकर, बैलानं ओढली तरी तुटायची नाही. एका दिवसात तोडलास? आणि परत ही घाणेरडी दोरी?"

"दुसरा कुणीतरी असेल मावशी. आम्ही सॅकवाले सगळे सारखेच दिसतो."

"सारखे दिसता, सारखे वासही मारता. पण डावा पट्टा, निळी दोरी? मीच तर कापून चुलीत टाकली."

ती रागाने चुलीपाशी गेली, फुंकणीने राख उकरली आणि चिमट्यात काहीतरी धरून त्याच्यापुढे नाचवलं. वितळून गोळा झालेलं नायलॉन होतं, करवंदाएवढं, वरून काळं आणि चिमट्याच्या टोकाने खरवडलं तिथे निळं.

इलकाय त्याच्याकडे बघत राहिला. निळी दोरी काय कुठेही मिळते, असं त्याने मनाशी म्हटलं. एकाच वाटेने जाणारी माणसं, एकाच कारखान्यातल्या सॅका, त्यांचे पट्टे तुटण्याची जागाही एकच असणार. हा विचार पटण्यासारखा होता आणि तो पटवून घेत त्याने सूपाचा वाडगा पुढे ओढला.

"काल दोन वाडगे प्यायलास," फादिमे म्हणाली. ती समोर बसून पोळीचे तुकडे करत होती. "आज घास फिरतोय तोंडात. बापाचा काही निरोप आला का?"

"कुणाच्या बापाचा?"

"तुझ्या. काल एवढं सांगत होतास. गुलाब फुलले असतील, बाप तोडायला उठला नसेल, आई खोटं बोलतेय आणि मी खोटं ऐकतोय, असं म्हणालास. मला रडू आलं मेलं." तिने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने नाक पुसलं. "बोलून टाकलंस ते बरं केलंस. पोटात ठेवलं की कुजतं."

इलकायने ही गोष्ट एकाही माणसाला सांगितली नव्हती. रात्रीच्या मुक्कामांवर, रेल्वेच्या डब्यांत, त्याने अनोळखी लोकांना आपलं नाव सांगितलं होतं, गाव सांगितलं होतं, आणि वडिलांबद्दल विचारलं तर म्हणाला होता, ठीक आहेत, शेती करतात.

"आण इकडे," फादिमे म्हणाली. "परत शिवून देते."

त्याला हो म्हणावंसं वाटलं. खांदा खरोखरच ठणकत होता. पण त्या लाल लोकरीची गुंडाळी तिने फडताळातून काढली आणि तिचं सुटं टोक नुकतंच कापलेलं, टोकदार दिसलं, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "नको मावशी. सकाळी लवकर निघायचंय."

तिने गुंडाळी परत फडताळात ठेवली. सकाळी तो निघाला तेव्हा उंबऱ्यापर्यंत आलीही नाही. आतूनच म्हणाली, "काल ओतलंय मी तुझ्या मागे पाणी. रोज रोज कोण ओततं?"

*

खिंडीच्या अलीकडच्या गावात तो दुपारी पोचला. चौकातल्या चहाच्या दुकानात म्हातारे आकड्यांच्या ठोकळ्यांचा डाव मांडून बसले होते. दुकानदार शाबानने त्याला पाहताच, न विचारताच चहाचा ग्लास पुढे ठेवला.

"हा बघा, परत आला," एक म्हातारा म्हणाला.

"हा तो नव्हे," दुसरा म्हणाला.

"तोच. सॅक बघ की."

"सॅक काय बघतोस, तोंड बघ. तो हसला की सगळे दात दिसायचे. ह्याचं बघ, दात कुणाकडे गहाण ठेवल्यासारखे."

"मग भाऊ असेल."

"थोरला की धाकटा?"

"तुला काय करायचंय? पोरगी द्यायचीय का?"

सगळे खो खो हसले. इलकायही हसला, म्हणजे ओठ ताणले गेले इतकंच. "मला भाऊ नाही," तो म्हणाला.

हसणं थांबलं. आपल्या भावाला नाकारणाऱ्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. घरात जमीन वाटायची असेल, भांडण असेल, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असणार, कारण शाबानने विषय सांभाळून घेतला.

"असू दे. आपल्याला काय. पण चांगला मुलगा आहे हो. सकाळी इथेच, ह्याच खुर्चीवर बसून त्याने घरी फोन लावला. आई म्हणाली असणार, बाबा झोपलेत. तर हा म्हणतो कसा, 'आई, मला सगळं कळतं. उठव त्यांना आणि सांग, मी येतोय.' आणि मग रडला. लाज नाही, काही नाही, ह्या सगळ्या रिकामटेकड्यांसमोर."

"आम्हीही रडलो," दात गहाण ठेवल्याचं बोलणारा म्हातारा म्हणाला. "मी तर डाव हरलो त्याच्यापायी."

इलकायने चहाचा ग्लास उचलला. तो न पिताच परत बशीत ठेवला. वाक्य जसंच्या तसं होतं. गेला महिनाभर फोन कानाला लावून तो ते मनात म्हणत आला होता आणि दर वेळी ते जिभेवरून परत गिळत आला होता.

तेवढ्यात मशिदीच्या भोंग्यातून संथ, लांब सूर सुरू झाला. म्हाताऱ्यांनी ठोकळे पालथे घातले. गावात कुणी गेलं की आधी असा सूर येतो आणि शेवटी नाव. नाव येईपर्यंत कुणी हलत नाही. वरच्या वाडीतल्या एका म्हातारीचं नाव आलं. "सुटली बिचारी," कुणीतरी म्हणालं, हात तोंडावरून फिरले, ठोकळे पुन्हा उताणे झाले. पण इलकायच्या कानात ती नावाआधीची शांतता तशीच राहिली. आपल्या गावातही भोंगा आहे. त्यातून येणारं नाव आपल्याला ह्या डोंगराच्या आड ऐकू येणार नाही.

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. चालवणारा बेकीर नावाचा तरणाबांड गडी होता. त्याने हात केला. "ए भाऊ! चल, खिंडीपलीकडच्या रस्त्याला सोडतो. सकाळी तुझ्या भावालाही सोडला. तिथून सरोवराकडची वाट उताराचीच आहे."

मागच्या ट्रॉलीत गवताचे भारे होते आणि त्यांच्या मधोमध कुणीतरी टेकून बसल्यासारखा खळगा पडला होता. माणसाच्या पाठीएवढा. इलकाय त्या खळग्याकडे बघत उभा राहिला. चढून बसावं, संध्याकाळी घर. एवढं सोपं होतं. पण त्यात आपली पाठ बरोबर बसेल याची त्याला खात्री वाटली आणि त्या खात्रीनेच त्याचे पाय मागे घेतले.

"नको. चालत जाईन."

"का रे बाबा?"

इलकायने सॅक खांद्यावर सरकवली.

"एकेकाला पायांची हौस असते," बेकीर म्हणाला आणि गेला.

ट्रॅक्टरचा आवाज वळणाआड बुडाल्यावर इलकायला आपण काय केलं ते कळलं. तो जवळजवळ धावतच चढाला लागला. खिंडीच्या तोंडाशी फोनला रेंज आली तेव्हा त्याने घरचा नंबर लावला. आईने उचलला, आणि तिचा आवाज ऐकून तो थबकला, कारण ती हसत होती.

"अरे, किती वेळा करशील? आत्ताच तर ठेवलास!"

"आई, बाबा…"

"उठून बसलेत. अंगणातलं ऊन मागताहेत, दाढी करून मागताहेत. म्हणतात, पोराला असा पडलेला दिसलो तर परत पळेल. तू येतोयस म्हणून सांगितलं आणि बघ की, महिनाभर मान वर केली नव्हती माणसानं."

"आई, फोन कुणी केला होता?"

वाऱ्याने त्याचा प्रश्न उडवून नेला असावा. "येतोयस ना?" ती म्हणाली.

"येतोय."

"मग ये की. बोलत काय बसलायस."

फोन बंद झाला. वडील उठून बसले होते. ह्यापेक्षा मोठी बातमी त्याला नको होती. देवाकडे मागायचं झालं असतं तर त्याने हेच मागितलं असतं. आणि तरीही बर्फाच्या कडेने उतरताना त्याच्या मनात आनंदाच्या जागी, तुटलेल्या दाताच्या जागी जीभ जावी तसं, पुन्हा पुन्हा एकच येत होतं: हे शब्द माझे होते.

त्या दिवशी अंधार पडल्यावर तो एका धनगराच्या रिकाम्या खोपटात पडला आणि उजाडताच निघाला. सरोवर दिसू लागतं त्या उतारावर एक पाणपोई आहे, कुणा गेलेल्याच्या नावाने बांधलेली. तिथल्या चिखलात बुटांचे ठसे होते, कालचे, कडा सुकलेल्या. उजवी टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. ठसे लांब लांब पडले होते. माणूस पळत गेला होता. इलकायने एका ठशात आपला उजवा बूट ठेवला. कुठेही केसभर जागा उरली नाही. त्याने पाय काढून घेतला आणि मागे पाहिलं: त्याचा स्वतःचा असा वेगळा ठसा तिथे उमटलेला नव्हता.

मग तोही पळाला.

*

गावाच्या शिवेवर गुलाबाचा वास आला. बायका शेतात पसरल्या होत्या, कंबरेला बांधलेल्या ओट्या फुलांनी फुगलेल्या, बांधावर भरलेली पोती. दव अजून वाळलं नव्हतं. आपल्या शेताच्या बांधावर त्याला हाजेरकाकी दिसली.

"हात चालते राहोत, काकी," तो म्हणाला. काम करणाऱ्याच्या जवळून जाताना असं म्हणतात.

"तुझेही पाय चालते राहोत," ती सरळ होत म्हणाली. डोळ्यांवर हात धरून तिने त्याला पाहिलं. तिने त्याला न्हाऊ घातलं होतं, बदडलं होतं, त्याच्या सुंतेच्या दिवशी त्याला मांडीवर घेऊन बसली होती. "काकी म्हणतोस, म्हणजे इकडचाच दिसतोस. कुणाचा रे तू?"

इलकायच्या गालांवर वर्षभराची दाढी होती, चेहरा उन्हाने करपला होता, अंगावरचं मांस झडलं होतं. ती ओळखणार नाही हे साहजिक होतं. हे साहजिक आहे असं तो स्वतःला सांगत असतानाच म्हणाला, "रेफिकचा."

"रेफिककडचा? मग पोराचा दोस्त असशील." तिचा चेहरा खुलला. "जा, जा, घरीच आहेत. काल तिन्हीसांजेला आला बघ इलकाय. आणि आज पहाटे बापाला पाठीवर घेऊन इथे आला. तुम्ही ते ओझं घेता ना पाठीला, तसा. म्हातारा नुसता कापसासारखा झालाय. इथे, ह्या दगडावर बसवला, मागे टेकू म्हणून स्वतः बसला. पहिलं फूल रेफिकनेच तोडलं. आम्ही सगळ्या हातातलं काम टाकून बघत बसलो." तिने ओटीतली फुलं पोत्यात उलटी केली. "असा मुलगा नशिबाने मिळतो. गेल्या वर्षी आम्ही काय काय बोललो त्याला. मीच जास्त."

दगडावर गुलाबाच्या दोन पाकळ्या चिकटल्या होत्या. इलकाय त्या दगडाला वळसा घालून पुढे गेला.

घराचा उतार तो चढला. भिंतीचा चुना तसाच होता, द्राक्षाचा वेल तसाच. अंगणाच्या कमरेएवढ्या भिंतीपाशी तो थांबला, कारण पायरीवर बूट होते. उजवी टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. ते आत येणाऱ्याने काढावेत तसे, टोकं दाराकडे करून ठेवले होते आणि कुणीतरी त्यांच्यावरचा चिखल निपटून काढला होता. शेजारी भिंतीला सॅक टेकवलेली होती. डाव्या पट्ट्यावर लाल लोकरीचे टाके होते, जाड, आडवेतिडवे, बैलाने ओढले तरी न तुटणारे.

आणि खिडकी उघडी होती, आणि खिडकीतून वडिलांचं हसणं येत होतं.

ते हसणं इलकायने लहानपणी कधीतरी ऐकलं असेल. खोकल्याने मध्येच तुटणारं, पुन्हा सांधणारं, मनापासूनचं. कुणीतरी हळू आवाजात त्यांना काहीतरी सांगत होतं, वाळवंटांबद्दल, घुमटांबद्दल, आभाळाएवढ्या पठारांबद्दल.

इलकाय भिंतीला टेकला. त्याने डोक्यावरची टोपी काढून भिंतीवर ठेवली आणि कपाळ पुसलं. त्याच वेळी आई हातात तांब्या घेऊन बाहेर आली. कुंड्यांना पाणी घालायला निघाली असावी. त्याला पाहून ती थांबली. ती वर्षभरात म्हातारी झाली होती, पण चेहरा तृप्त होता, पोटभर झोप झाल्यासारखा.

"वाटसरू का रे बाळा?" ती म्हणाली. "ये, ये. देवाचा पाहुणा. चहा टाकलेलाच आहे."

त्याला 'आई' म्हणायचं होतं. एकच शब्द, त्यासाठी तो एवढं चालून आला होता. ती जवळ आली आणि तिने त्याच्या डाव्या खांद्यावर, बरोबर गाठीच्या जागी, हात ठेवला.

"ही दोरी टोचत असेल," ती म्हणाली. "माझाही काल असाच आला. धुळीनं माखलेला. पण त्याला वाटेत कुणीतरी भली बाई भेटली, तिनं शिवून दिलं."

आतलं हसणं थांबलं. "कोण आहे गं?" वडिलांनी विचारलं.

"मी बघतो, बाबा," कुणीतरी म्हणालं. आपला आवाज दुसऱ्याच्या तोंडून आला की तो आपला वाटत नाही, जरा पातळ वाटतो, तसा तो होता.

"तू बस. हात सोडू नकोस," वडील म्हणाले.

"वाटसरू आहे कुणी," आई वळून म्हणाली.

"आत घे त्याला." वडिलांना दम लागला होता, ते थांबले आणि मग पुन्हा म्हणाले, "कुणाचं तरी पोर असेल ते. विचार त्याला, घरी कळवलंय का."

इलकायने खिडकीकडे पाहिलं. पडद्यामागे अंथरुणाची कड दिसत होती आणि पांघरुणावर दोन हात, एकात एक अडकवलेले. एक पिवळा, हाडं वर आलेला, आणि दुसरा उन्हाने करपलेला. पिवळ्या हाताने दुसऱ्याला घट्ट धरलं होतं. आता त्याने तोंड उघडलं असतं तर त्या हाताला कुठलातरी एक हात सोडावा लागला असता.

"बसतोस ना?" आई म्हणाली. "कुठे निघालास एवढ्या घाईनं?"

"घरी," तो म्हणाला.

"लांब आहे?"

"जवळच आहे."

"मग थांबवत नाही बाई मी तुला. वाट बघत असतील."

तो वळला. मागे उंबऱ्याच्या दगडावर पाणी पडल्याचा आवाज झाला आणि आईचा, तोच, एकही सूर न बदललेला आवाज आला, "पाण्यासारखा जा, पाण्यासारखा ये."

वळणावर पोचल्यावर त्याचा हात डोक्याकडे गेला. टोपी राहिली होती. तो थांबला. बराच वेळ थांबला, गेल्या वर्षी थांबला होता त्याच जागी, आणि मग त्याने मागे वळून पाहिलं. दार लागलेलं होतं. भिंतीवर टोपी नव्हती. कुणीतरी ती आत नेली होती.

उतारावरून पाण्याचा बारीक ओघळ धुळीतून वाट काढत त्याच्यापर्यंत आला, बुटांना वळसा घालून पुढे गेला, आणि वळणापलीकडे उतरत राहिला.